नापास डब्यातलं शेवटचं कार्ड

रेजू,

चर्चमध्ये मी तुझ्याबद्दल दोन मिनिटं बोलले, ते तुला आवडलं नसतं. तुझ्या नवऱ्याने, सायमनने आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की तुझ्या वॉर्डातल्या नर्सेस येणार, तुमच्या ॲनाच्या शाळेतल्या मुली येणार, तेव्हा इंग्रजीतच बोल. सिडनीहून येताना विमानात बसल्या बसल्या मी लिहून काढलं. काइंड, जेनरस, सेल्फलेस, रिझिलियंट. एकेक शब्द असा, की कुणाच्याही शवपेटीसमोर उभं राहून म्हणावा. लोकांनी माना हलवल्या. एका बाईने तर नंतर माझा हात दाबला आणि 'ब्यूटिफुल' म्हणाली. मला मात्र सारखं वाटत होतं की जोन मागच्या बाकावर बसली आहे आणि विचारते आहे, हे सगळं ठीक, पण या वर्णनावरून मी नेमकं ओळखायचं कुणाला?

आणि जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलंच नाही. चर्चमध्ये नाही, त्याआधी सोळा वर्षांत नाही. तुला जाऊन आज बारा दिवस झाले. आमच्यात उद्या तेरावं असतं, तुमच्यात महिन्याने मिस्सा. माझ्याने महिनाभर थांबवणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मधे बोलू नकोस. तुला मधे बोलायची फार सवय होती.

आपली ओळखच मुळी माझ्या मूर्खपणाने सुरू झाली. ते दिवस विद्यार्थ्यांचे होते. डँडेनॉन्ग स्टेशनवर उतरलं की निम्मी गर्दी आपलीच, पाठीवर बॅग आणि काखेत प्लास्टिकची फाइल. कुणी कुकरी शिकत होतं, कुणी हेअरड्रेसिंग, कुणी आयटी; खरा अभ्यासक्रम सगळ्यांचा एकच होता, पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना. त्या घरात तीन खोल्यांत आपण सहा मुली. खोली वाटून घ्यायला कुणीतरी रेजिना नावाची नर्सिंगची मुलगी येणार असं कळलं तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की ही गोव्याची असणार, हिच्याशी इंग्रजीच बोलावं लागणार. दोन दिवस मी तुझ्याशी वाक्यं जुळवून जुळवून बोलले. तूही गंभीर चेहऱ्याने उत्तरं दिलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सुटकेसला तुझी करंगळी आपटली आणि तू कळवळून 'आई गं' म्हणालीस. मी पाहतच राहिले. वसईची निघालीस, शाळाही मराठी. मग आधी का बोलली नाहीस असं विचारलं तर म्हणालीस, "मला वाटलं, तू माझ्यावर सराव करतेयस. म्हटलं, करू दे बिचारीला."

चिंचवडमध्ये वाढलेल्या मला वसईत घरोघरी मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक आहेत हे ठाऊक नव्हतं. याची लाज मला आजही वाटते. तू कधी ती काढून दाखवली नाहीस, पण फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानात कुणी तुला 'आर यू गोवन?' विचारलं की मुद्दाम माझ्याकडे बोट करून 'नो, शी इज' म्हणायचीस. मी आणि कणकेचं पोतं, दोघंही गप्प उभे असायचो.

इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत सात मिळवल्याशिवाय माझा व्हिसा पुढे सरकणार नव्हता आणि तुझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन होणार नव्हतं. मी ऑप शॉपमधून, म्हणजे लोकांनी टाकलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानातून, एक जाडजूड डिक्शनरी आणली. ए पासून, आठवड्याला एक अक्षर, रोज त्यातले निवडक पंधरा शब्द. व्याख्येतला स्वल्पविरामसुद्धा पाठ. दहावीला मी संस्कृत याच पद्धतीने जिंकलं होतं. तू मात्र नाश्त्याच्या सीरियलचे रिकामे पुठ्ठे कापून कार्डं करायचीस आणि त्यांवर दिवसभरात कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला शब्दच फक्त लिहायचीस. कधी दोन, कधी एक. ज्या दिवशी काही ऐकलं नाही त्या दिवशी कोरी. या वेगाने तू म्हातारी होशील, असं मी म्हणायचे. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं.

माझ्या पाठांतराचा पहिला प्रयोग मी ज्या फॅक्टरीत सॅलडची पानं पिशव्यांत भरायचे तिथे झाला. आर अक्षराचा आठवडा चालू होता. सकाळची बस चुकली, शिफ्टला वीस मिनिटं उशीर झाला. सुपरवायझरसमोर उभी राहून मी खालमानेने, स्पष्ट उच्चारात, उशिराबद्दल मी 'डीपली रिमोर्सफुल' आहे असं सांगितलं. त्याने हातातला क्लिपबोर्ड खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, घरी कुणी गेलं का? मी नाही म्हटलं तर त्याचा विश्वास बसेना. दुपारच्या सुट्टीत त्याने मला स्वतःच्या पैशाचा चहा पाजला. घरी येऊन मी हे तुला सांगितलं आणि तू खाटेवरून खाली घसरेपर्यंत हसलीस. मग म्हणालीस की हे जोनला सांगितलंच पाहिजे.

जोन तुझ्या वृद्धाश्रमातली. तू तिथे शिकता शिकता केअररचं काम करायचीस, अंघोळी घालणं, भरवणं, चालवणं. काही महिन्यांनी मलाही तिथल्या किचनमध्ये चिकटवलंस. नव्वदीला आलेल्या बाईला नुसतं 'जोन' म्हणणं तुला पहिल्या दिवसापासून जमलं, मला शेवटपर्यंत नाही. मी मनात 'जोन आजी' म्हणून मग तोंडाने 'जोन' म्हणायचे. ती रोज सकाळी पेपरमधलं शब्दकोडं सोडवायची. हात थरथरायचे म्हणून चौकोनांत अक्षरं तू भरायचीस. त्यातूनच ते निघालं. एके दिवशी तू तिला उलटं कोडं घातलंस. कार्डावरचा शब्द न सांगता नुसती त्याची व्याख्या सांगितलीस, आणि म्हणालीस, आता ओळख.

तिथून ती पद्धतच पडली. व्याख्या आपल्या शब्दांत करायची, मूळ शब्द वापरायचा नाही, आणि जोनला पहिल्या फटक्यात ओळखू आला तरच कार्ड पास. पास झालेली कार्डं बिस्किटांच्या निळ्या डब्यात. नापास झालेली तुझ्या बुटांच्या खोक्यात, त्याला आपण डबाच म्हणायचो. तुझी कार्डं धडाधड पास व्हायची. 'स्टबर्न' म्हणजे काय, तर जेवण पुरे म्हटल्यावरही चमचा तोंडाशी धरून ठेवणारी नर्स. जोन खूष. 'रिलीफ' म्हणजे दिवसभर घातलेले बूट काढल्यावरची पहिली दोन मिनिटं. पास. मीही तुझ्या एका पुठ्ठ्यावर 'रिमोर्स' लिहिलं आणि माझी व्याख्या खणखणीत म्हणून दाखवली: केलेल्या चुकीबद्दल वाटणारा तीव्र खेद. जोन म्हणाली, गिल्ट. मी मान हलवली. रिग्रेट? पुन्हा मान हलवली. मी शब्द सांगितला तेव्हा तिने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं.

"ही डिक्शनरी बोलली, डियर," ती म्हणाली. "तू काय म्हणतेस?"

चोवीस वर्षांच्या माझ्याकडे काय असणार? जेमतेम एक बस चुकली होती. कार्ड खोक्यात गेलं.

यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं, परीक्षेला जोन येणार नाही. तिथे कागद असतो, आणि कागदाला शब्द लागतात, जास्तीत जास्त. तुझं म्हणणं, जो शब्द आपल्यासोबत कधी घडलाच नाही तो तोंडात आला तरी खोटा वाजतो. मी म्हणायचे, मग सगळी डिक्शनरी घडायची वाट बघत बसू का? तू म्हणायचीस, सगळी नको, पुरेशी. चपात्या लाटता लाटता भांडायचो, त्यामुळे त्या काळातल्या आपल्या चपात्या सगळ्या नकाशासारख्या.

बोलण्याच्या परीक्षेची तयारी मात्र दोघी एकत्र करायचो. कार्डावर एक विषय देतात, मिनिटभर विचार करायला देतात आणि दोन मिनिटं बोलायला लावतात. आपण घड्याळ लावून एकमेकींना बोलायला लावायचो. त्यात तुझं एक हुकमी भाषण होतं, तुझ्या पप्पांचं. पप्पांनी तुला सुकेळी करायला शिकवलं ते. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात वाळवायची, संध्याकाळी केळीच्या सुक्या पानांत बांधून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात, असं कितीतरी दिवस. केळं तयार झालं की नाही हे रंगावरून नाही ओळखायचं, अंगठ्याने दाबायचं. बोटाला चिकटलं पाहिजे पण बोटावर राहता कामा नये. आणि शेवटी पप्पा पहिला घाणा तुझ्याच हातून शेजारी पाठवायचे. तू कुरकुर केलीस की म्हणायचे, सुकेळी वाटायलाच करतात, नाहीतर केळंच खाल्लं असतं. मी ते भाषण वीसेकदा तरी ऐकलं असेल. तुझं इंग्रजी अडखळायचं, पण तू अंगठा पुढे करून दाबून दाखवायचीस तेव्हा मला भूक लागायची.

परीक्षेच्या दिवशी आपल्या दोघींची खोली एकच आली. मी सव्वा अकराला, तू पावणेबाराला. आत चष्मा लावलेली एक शांत बाई. तिने कार्ड समोर सरकवलं: घरच्या कुणी तुम्हाला शिकवलेली एखादी गोष्ट. मी यावर तयारी केली होती, रेजू. आईने मला सायकल शिकवली होती, त्यावर मी नऊ कठीण शब्द बसवले होते. ते मिनिटभर मी कार्डाकडे बघत राहिले आणि त्या नऊपैकी एकही शब्द आठवेना. बाईने 'यू मे बिगिन' म्हटलं, आणि माझ्या तोंडून आलं, 'माय फादर ग्रोज बनानाज.'

माझे बाबा. चिंचवडच्या कंपनीत स्टोअरकीपर, ज्यांनी कुंडीत कोथिंबीरसुद्धा कधी लावली नाही. त्यांना मी दोन मिनिटांत वसईला नेलं, वाडी दिली, ऊन दिलं. अंगठाही पुढे करून दाखवला. पहिला घाणा शेजारी पोचवला आणि पप्पांचं ते वाक्यही म्हटलं. बाईने पेन खाली ठेवलं होतं. मला आठवतं, बोलताना मला आनंद होत होता. इंग्रजी पहिल्यांदाच माझ्या तोंडून आपसूक येत होतं, आणि ते माझं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा तू बाकावर बसली होतीस. अंगठा वर करून विचारलंस, कसा गेला. मीही अंगठा वर केला. तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, पप्पांचं बोलू नकोस, मी बोलले. तू दुसरं काही बोलली असतीस, शंभर गोष्टी होत्या तुझ्याकडे. पण मला वाटलं, तुला वेगळा विषय येईल. एकामागोमाग दोघींना तोच कसा येईल? आणि खरं सांगू, मला लाजही वाटली.

अर्ध्या तासाने तू बाहेर आलीस. चेहरा कसा होता ते मी नीट पाहिलं नाही, पाहायचं टाळलं. तू बॅग खांद्यावर घेतलीस आणि सहज विचारावं तसं विचारलंस, "तुला काय आलं होतं?"

"प्रवास," मी म्हणाले. "एखादा लक्षात राहिलेला प्रवास."

"बरं," तू म्हणालीस. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम चिप्सचं एक मोठं पुडकं घेतलंस, त्यावर मिठाबरोबर पर्समधली लाल तिखटाची पुडी उलटी केलीस, आणि आपण स्टेशनपर्यंत खात खात गेलो. तुला काय आलं होतं हे मी उलट विचारलं नाही. एवढं साधं विचारलं नाही, यावरूनच कुणालाही कळलं असतं.

निकाल पोस्टाने आले. मला बोलण्यात साडेसात. तुला साडेसहा, बाकी सगळीकडे सात किंवा वर. तू पाकीट दोनदा उलटंपालटं केलंस, आत आणखी एखादा कागद राहिला असेल तसं. मग माझ्यासाठी शिरा केलास. पुढची परीक्षा, त्याचा निकाल, मग रजिस्ट्रेशनचे अर्ज, यात तुझं वर्ष गेलं. तुझ्या वर्गातल्या मुली नर्सेस म्हणून लागल्या आणि तू त्याच वृद्धाश्रमात अंघोळी घालत राहिलीस. त्या वर्षात जोन गेली, तुझा हात धरून. तेव्हा तू मला म्हणालीस की बरं झालं मी इथेच अडकले, नाहीतर तिच्याजवळ कुणीतरी नवी मुलगी असती. तू ते मनापासून म्हणालीस, आणि मी ते औषधासारखं घेतलं. पुढे कितीतरी वर्षं मन खायला लागलं की मी स्वतःला हेच सांगायचे, बरं झालं, ती म्हणाली ना बरं झालं.

मग मला पॅरामॅटाला नोकरी लागली आणि मी सिडनीला गेले. लग्न, घराचं कर्ज, ऑफिसला जायची लाइट रेल, मीटिंगा. तुझंही लग्न झालं, ॲना झाली, मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड मिळाला. परीक्षकासारखी मोजूनमापून बोलायला लागलीस म्हणून मी तुला चिडवायचे. आणि दर फेब्रुवारीत माझ्या नावाने एक पार्सल यायचं. तुझ्या अंगणात राजेळी कुठून येणार? तू सुपरमार्केटची केळी आणायचीस आणि ॲनाच्या ट्रॅम्पोलिनवर चादर अंथरून वाळवायचीस. चोच मारायला येणाऱ्या मॅग्पाय पक्ष्यांना हाकलायला सायमनला खुर्ची टाकून बसवायचीस. ती सुकेळी कधी चामड्यासारखी व्हायची, कधी लिबलिबीत, तुझ्या पप्पांनी पाहिली असती तर तुला वाडीत पाऊल टाकू दिलं नसतं. पार्सलवर कायम एकच ओळ, 'पहिला घाणा'. मी फोन करून मस्त झालीत म्हणायचे. खरं म्हणजे मी ती कधीच खाल्ली नाहीत, रेजू. ऑफिसच्या किचनमध्ये ठेवून द्यायचे.

आणि दर फोनच्या शेवटी तुझं ते. "वैशे, तुझं एक कार्ड अजून नापास आहे हां." बाकीची सगळी पास होऊन निळ्या डब्यात गेली होती, खोक्यात माझं एकटं उरलं होतं. मी हसून म्हणायचे, टाकून दे आता, खोकं कशाला अडवतेस. तू म्हणायचीस, राहू दे, जागा आहे.

तीन महिन्यांपूर्वी तुझं निदान कळलं तेव्हा मी ठरवलं की आता सांगायचं. गेल्या महिन्यात विमानाने आले ती तेवढ्यासाठीच. तू उशीला टेकून बसली होतीस, केस गेले होते, डोळे तेच. मी खुर्ची ओढली आणि म्हणाले, रेजू, तुला एक सांगायचंय. तू म्हणालीस, "सांग की." आणि मी तुला माझ्या नव्या स्वयंपाकघराबद्दल सांगितलं. टाइल्सचा रंग सांगितला. तू सगळं ऐकून घेतलंस. निघताना मी म्हणाले, बरी हो, मग निवांत बोलू. तू माझा हात धरलास, अंगठ्याने माझा अंगठा हळूच दाबलास, आणि नेहमीचं वाक्य म्हणालीस, तुझं एक कार्ड. मला वाटलं, चेष्टा करतेयस. आजारपणातही हिची चेष्टा सुटत नाही, असं मी टॅक्सीत बसून कौतुकाने रडले.

परवा मी तुमच्या घरून परत जायला निघाले होते. ॲना तो बुटांचा खोका आणि तुझी एक वही घेऊन माझ्या खोलीत आली. तेरा वर्षांची झाली आहे, तुझ्याएवढी उंच. वही तिने आधीच वाचली होती. पानापानांवर तुझे शब्द आणि तुझ्या व्याख्या, सगळं इंग्रजीत. 'ती वाचताना मला हसू आलं, मॉम वॉज सो फनी,' ॲना म्हणाली. मग शेवटचं पान उघडलं. "मावशी, हे एकच पान मराठीत आहे. मला बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही. डॅडना विचारलं तर म्हणाले, हे वैशाली मावशीकडे ने. व्हॉट डझ इट से?"

पानावर वर कुठला शब्द नव्हता. शाई जुनी होती, अक्षर तुझं तेव्हाचं, वसईच्या शाळेतलं, गोल.

'परीक्षेतली बाई म्हणाली, ही गोष्ट मी आज सकाळी एकदा ऐकली आहे, तुम्ही दोघी एकाच क्लासला जाता का? मी म्हटलं, नाही, एका खोलीत राहतो. पुढे मला काही सुचलं नाही. बाहेर वैशीला विचारलं. प्रवास म्हणाली. तिची लाज तिच्यापाशी राहू दे. मी मागणार नाही. पप्पांनाही सांगणार नाही, ते म्हणतील, वाटायलाच होती. पण तिने आपणहून सांगावं. वाट बघेन.'

मी ते तीन वेळा वाचलं. रेजू, तुला त्याच दिवशी माहीत होतं. चिप्सवर तिखट घालताना माहीत होतं. शिरा करताना, दर फेब्रुवारीत केळी वाळवताना, गेल्या महिन्यात माझ्या टाइल्सचा रंग ऐकताना. इतकं सगळं माहीत असून तू माझ्यावर एकदाही रागावली नाहीस, आणि याबद्दल मला तुझा फार राग येतो आहे. ओरडली असतीस तर मी त्याच दिवशी रडून मोकळी झाले असते.

ॲना वाट बघत होती. मला सहज काहीतरी सांगता आलं असतं, रेसिपी आहे म्हणता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. पण तुझा अंगठा अजून हाताला लागत होता. मी तिला खाटेवर बसवलं आणि पान जसंच्या तसं वाचून दाखवलं. मग बाकीचं सांगितलं, तिला समजावं म्हणून इंग्रजीत. सायकल, पप्पा, सव्वा अकरा, बाकावर बसलेली तू, प्रवास, साडेसहा. एकही मोठा शब्द आला नाही, मला लागलाच नाही. शेवटी म्हणाले की तुझ्या आईला सांगायला माझ्याकडे सोळा वर्षं होती, आणि आता मी बोलायला तयार आहे तर ऐकायला ती नाही, आणि हे आता असंच राहणार आहे. कितीही वेळा सांगितलं तरी.

तिच्या आईचं वर्ष मी घेतलं होतं. तिने उठून जायला हरकत नव्हती. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "दॅट्स नॉट ईव्हन गिल्ट, इज इट? दॅट्स रिमोर्स."

तिने खोक्यात पाहिलं नव्हतं. झाकणावरची तुझी चिकटपट्टी मीच नंतर सोडवली. आत सीरियलच्या पुठ्ठ्याचं एकच कार्ड होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, त्यावर माझ्या अक्षरात तोच शब्द. कार्डाशेजारी यंदाच्या फेब्रुवारीचं पुडकं, पोस्टात टाकायचं राहून गेलेलं, वर 'पहिला घाणा'. आम्ही दोघींनी तिथेच बसून ती सुकेळी खाल्ली. जरा कडक झाली होती. चांगली होती, रेजू. खरंच चांगली होती.

निळा डबा ॲनाने आणून दिला. कार्ड मी त्यात टाकलं.